विद्यापीठाच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये चुकून शिरलो आणि एका झाडाने स्वतःची पाटी गिळलेली सापडली

उनाडबोका

एका कागदावर सही हवी होती म्हणून विद्यापीठात गेलेलो. साहेब जागेवर नाहीत, तासाभराने या. आता तासभर करायचं काय म्हणून भटकत भटकत मागच्या अंगाला गेलो तर एक गेट, वर वनस्पती उद्यान लिहिलेलं, आत एक खुर्ची, खुर्चीवर वही आणि वही उडू नये म्हणून त्यावर दगड. माणूस नाही. वहीत नाव, वेळ आणि कामाचं स्वरूप असे रकाने. कामाचं स्वरूप काय लिहिणार, "बघणे" असं लिहिलं आणि शिरलो.

खरं सांगतो, पहिली पंधरा मिनिटं वैतागलो. माझ्या डोक्यात बाग म्हणजे हिरवळ, कारंजं, बाकं. इथे नुसते चौकोनी वाफे, एकेका वाफ्यात चार मरतुकडी रोपं आणि रोपापेक्षा मोठी पाटी. एका वाफ्यात तर काहीच नव्हतं, कोरडी माती आणि मधोमध नवी कोरी पाटी, थडग्यासारखी. म्हटलं काय जपतायत हे लोक.

मग एका मोठ्या झाडाखाली आलो. वरून पाच-सहा फूट लांब दोरखंडासारखं काहीतरी लोंबत होतं, त्या दोरांना खाली फुलं, आणि जमिनीवर पडलेल्या फुलांचा खच. रंग गडद, वाळलेल्या रक्तासारखा, भोंग्यासारखं मोठं फूल. उचलून वास घेतला आणि लगेच टाकलं. तर मुद्दा असा की खोडावर पाटी होती पण खोडाने ती अर्धी खाल्लीय! म्हणजे साल दोन्ही बाजूंनी वाढून पाटीवर आलीय, ओठ मिटल्यासारखी. डावीकडचं सगळं आत गेलंय. उरलंय ते असं: "...इकाना", मग कंसात "लॅम.", मग कंसाबाहेर "बेंथ." आणि खाली छोट्या पत्र्यावर ६३-११८.

लॅम आणि बेंथ हे देणगीदार असावेत असा माझा अंदाज. झाड कुठलं? आणि दुसरं म्हणजे अशा बागेत बघायचं तरी काय असतं, कारण मला कळतंय की मी चुकीच्या पद्धतीने बघत होतो पण बरोबर पद्धत माहीत नाही.

फोटो काढला नाही, मोबाईलची बॅटरी मेलेली.

ठोकळा

देणगीदार =)) =))

फोटो नाही म्हणजे विषय संपला. पुढचा धागा.

चिमखडा

अमेरिकाना असेल. किंवा मेक्सिकाना. अर्ध्या जगातल्या झाडांचं नाव अमेरिकाना आहे.

कोरांटी

ठोकळा, फोटोची गरजच नाहीये, या माणसाने फोटोपेक्षा चांगलं वर्णन केलंय.

उनाडबोका, तुम्ही भाग्यवान आहात की झाडाने डावी बाजू खाल्ली, उजवी नाही. नाव गेलं तरी चालेल पण लॅम आणि बेंथ राहिले ते बरं झालं. ते देणगीदार नाहीत हो, ते नाव देणारे आहेत. शास्त्रीय नावामागे ज्याने नाव दिलं त्याचं संक्षिप्त नाव लिहायची पद्धत आहे. नुसतं एल असेल तर तो लिनियस, ही दोन शब्दी नावांची पद्धत रूढ करणारा, बाकी सगळ्यांना दोन-चार अक्षरं तरी लागतात, त्याला एकच पुरतं. लॅम म्हणजे लामार्क. हो तोच, शाळेत जिराफाच्या मानेसाठी ज्याला आपण हसलो तो. तो आधी वनस्पतीवाला होता, प्राण्यांकडे नंतर वळला. आणि बेंथ म्हणजे जॉर्ज बेंथम, इंग्रज वनस्पतीशास्त्रज्ञ.

आता कंस. लामार्क कंसात आहे म्हणजे त्याने हे झाड आधी दुसऱ्या कुठल्यातरी प्रजातीत टाकलं होतं आणि बेंथमने ते तिथून उचलून दुसरीकडे ठेवलं. मूळ नाव देणाऱ्याला कंसात ठेवायचं, हलवणाऱ्याला बाहेर. घराच्या पाटीवर आधीच्या मालकाचं नाव ठेवल्यासारखं आहे ते.

दोरखंड, काळपट लाल भोंगे, घाण वास, सकाळी खाली सडा, आणि इकाना कंसात लॅम बाहेर बेंथ. हे किगेलिया आफ्रिकाना आहे, सॉसेज ट्री म्हणतात ते. लामार्कने त्याला बिग्नोनिया म्हटलं होतं. मूळ आफ्रिकेचं. फुलं संध्याकाळी उमलतात, रात्री वटवाघळं येतात, सकाळी गळून पडतात. दोर लांब का, तर वटवाघळाला पानांत न अडकता फुलापर्यंत येता यावं म्हणून. वासाचंही तेच, तो तुमच्यासाठी नव्हताच.

उनाडबोका

कोरांटी ताई दंडवत!! पण सॉसेज कुठे होते? वर बघितलं होतं मी, एकही फळ नव्हतं.

कोरांटी

एकटंच झाड असेल तर सहसा धरत नाही, दुसऱ्या झाडाचा पराग लागतो. आणि नाही धरत तेच बरं, एकेक फळ हातभर लांब आणि पाच-सहा किलोचं सहज होतं, त्याखाली उभं राहून वर बघणं हा काही चांगला छंद नाही.

निवृत्त_नाना

मी अशाच एका बागेच्या हापिसात बरीच वर्षं काढली आहेत, वनस्पतीशास्त्राचा मनुष्य नाही, लिखापढीचा. म्हणून ६३-११८ बद्दल मी सांगतो, ते तुमच्या कोणाच्या लक्षातच आलं नाही.

तो पत्रा नावापेक्षा महत्त्वाचा आहे. नाव काय, झाड ओळखता येणाऱ्याला झाडावरून मिळतं. पण ६३-११८ म्हणजे १९६३ साली बागेत आलेली एकशे अठरावी नोंद. त्याचं एक रजिस्टर असतं, त्यात लिहिलेलं असतं की बी आलं की रोप आलं, कुठून आलं, कोणी आणलं, रानातून आणलं असेल तर कुठल्या रानातून. बाग आणि झाडांची गर्दी यात एवढाच फरक आहे. ज्या झाडाचा नंबर गेला ते झाड जिवंत असून अभ्यासाच्या उपयोगाचं अर्धंच राहिलं, कारण ते कुठून आलं हे आता कोणीच सांगू शकत नाही. आमच्याकडे एकदा रंगकामवाल्यांनी ग्रीनहाऊस रंगवायला म्हणून दीडशे कुंड्या बाहेर काढल्या आणि परत ठेवताना सोयीसाठी पाट्या एका टोपलीत जमा करून ठेवल्या. टोपली जपून ठेवली होती हो त्यांनी. आमच्या मॅडम त्या टोपलीकडे बघत किती वेळ उभ्या होत्या ते मला आजही आठवतं.

आणि बाळ, तो रिकामा वाफा रिकामा नसणार. कंद असतील खाली. वर्षातले कित्येक महिने वर काही दिसत नाही. पाटी नवी कोरी होती म्हणालास ना, म्हणजे कोणीतरी लक्ष ठेवून आहे.

सदाफुली

नाना, टोपलीचा किस्सा वाचून पोटात गोळा आला.

मायक्रोस्कोप

पाटी गिळण्याबद्दल: हे पाटी लावणाऱ्याचं पाप आहे. खोड उंचीने वरून वाढतं पण जाडीने सगळीकडे वाढतं, त्यामुळे पाटी आहे त्याच उंचीवर राहते पण साल बाहेर येत येत तिला कवेत घेते. खिळा घट्ट ठोकला की वीस-तीस वर्षांत पाटी आत. नीट काम करणारे लांब खिळ्यावर स्प्रिंग घालून पाटी लावतात, खोड जाड होईल तशी स्प्रिंग दबते, मग दर काही वर्षांनी कोणीतरी खिळा थोडा बाहेर ओढायचा. हे "कोणीतरी" पद रिक्त असतं.

बिनपाण्याचा कॅक्टस

बघायचं काय हा प्रश्न राहिलाच. मी आपला माझा अनुभव सांगतो, शास्त्र वगैरे येत नाही मला. मीही पहिल्यांदा गेलो तेव्हा दोन तासांत सगळी बाग "केली", घरी येऊन चारशे फोटो आणि एकाचंही नाव आठवेना. आता मी एका खेपेला एकच कोपरा बघतो. आणि आधी पाटीचा फोटो, मग झाडाचा, मग पानाचा, फुलाचा, सालीचा. पुढचं झाड परत पाटीपासून सुरू. म्हणजे घरी गॅलरी बघताना दोन पाट्यांच्या मधलं सगळं एका झाडाचं हे आपोआप कळतं. फालतू वाटेल पण ही एक सवय लागल्यापासून माझं बागेत जाणं सत्कारणी लागतंय.

ग्लासहाऊसमध्ये जाणार असाल तर कॅमेरा आणि चष्मा दोन्हीवर वाफ धरते. लेन्स पुसत बसू नका, पुसली की परत धरते, दहा-पंधरा मिनिटं आत तसंच थांबा, काच गरम झाली की आपोआप जाते. तेवढ्या वेळात नुसत्या डोळ्यांनी बघा, मला वाटतं मी सगळ्यात जास्त तेव्हाच बघतो.

आणि आयनॅचरलिस्टवर (झाडं-प्राणी कुठे दिसले त्याच्या नोंदी टाकायचं ॲप) टाकणार असाल तर लागवडीचं म्हणून खूण करा बाबांनो. नाहीतर नकाशावर आफ्रिकेतलं झाड विद्यापीठाच्या हापिसामागे रानात उगवलेलं दिसतं.

चिमखडा

मला पण एक शंका आहे. मी गेलो होतो तिथे सावरीच्या झाडाला दोन पाट्या होत्या, जुन्या पिवळ्या पाटीवर कुळ बॉम्बॅकेसी आणि नवीन पाटीवर माल्वेसी. माल्वेसी म्हणजे जास्वंद ना? एवढं मोठं काटेरी झाड आणि जास्वंद एका घरात? मला वाटलं पाटी चुकली, मी तिथल्या एका मुलीला सांगितलं पण, ती हसली आणि निघून गेली.

कोरांटी

ती बिचारी परीक्षेच्या घाईत असणार :) पाटी बरोबर आहे. सावरीचं फूल आणि जास्वंदीचं फूल शेजारी धरून पुंकेसर बघा, मग इतकं विचित्र वाटणार नाही. डीएनए बघायला लागल्यापासून बरीच कुळं मोडली, जुळली. १९९८ पासून फुलझाडांची वर्गवारी त्या आधाराने नव्याने मांडतायत. रुईचं वेगळं कुळ होतं ते कण्हेर-सदाफुलीच्या कुळात विलीन झालं. त्यामुळे विद्यापीठाच्या बागेत जुन्या आणि नव्या पाट्या शेजारी शेजारी दिसल्या तर वैतागू नका, दोन्ही वाचा, मधल्या काळात काय काय समजलं ते तिथेच दिसतं.

सगळ्यात मोठा राडा बाभळीचा झाला. आपली बाभूळ आयुष्यभर अकेशिया होती. मग लक्षात आलं की अकेशिया नावाखाली निरनिराळी घराणी कोंबलीत, ती फोडायला हवीत. मग नाव कोणी ठेवायचं? ऑस्ट्रेलियातल्या जाती संख्येने कितीतरी जास्त, म्हणून नाव त्यांना गेलं. २००५ मध्ये व्हिएन्नाला वनस्पतीशास्त्रज्ञांच्या जागतिक काँग्रेसमध्ये ठरलं, लोक भांडले, २०११ मध्ये मेलबर्नला तेच कायम झालं. आपली बाभूळ आता व्हॅचेलिया. मला अजून तोंडात बसत नाही.

ठोकळा

म्हणजे मेलबर्नला मीटिंग आणि नाव ऑस्ट्रेलियाला. वा.

सदाफुली

थोडं अवांतर, पण विचारते, शिव्या घालू नका. मला बागेतून छोटंसं कटिंग आणायची फार इच्छा होते. एक पान, एक फांदी. झाडाला काय फरक पडतो? उलट दोन ठिकाणी झाड राहिलं तर चांगलंच ना? माझ्याकडे अशी आणलेली तीन झाडं मस्त वाढलीत.

मायक्रोस्कोप

ताई, इच्छा सगळ्यांनाच होते आणि हे नवीन नाही. इटलीत पादुआ विद्यापीठाची बाग १५४५ सालची. औषधी वनस्पती विद्यार्थ्यांना खऱ्या ओळखता याव्यात, नावाखाली भलतंच काही औषधात जाऊ नये, म्हणून काढलेली. तर तिथे रात्री एवढ्या चोऱ्या व्हायला लागल्या की बागेभोवती गोल भिंत घालावी लागली. ती गोल भिंत आज त्या बागेची ओळख आहे. म्हणजे जगातल्या सगळ्यात जुन्या बोटॅनिकल गार्डनचा आकारच कटिंग नेणाऱ्यांनी ठरवलाय.

निवृत्त_नाना

सगळ्यात जुनी पिसाची. १५४४.

मायक्रोस्कोप

नाना पिसाची बाग नंतर जागा बदलून दुसरीकडे गेली. पादुआची आहे तिथेच आहे. मूळ जागेवरची सगळ्यात जुनी पादुआ.

निवृत्त_नाना

"मूळ जागेवरची" हे तुम्ही आत्ता घातलंत.

मायक्रोस्कोप

हो, घातलं. चूक मान्य _/\_

पादुआत १५८५ मध्ये लावलेला एक ताड आहे, अजून जिवंत. १७८६ मध्ये जर्मन कवी गटे तिथे आला, त्या झाडाची पानं बघत बसला, खालची पानं साधी आणि वर वर जाताना पंख्यासारखी फाटत जाणारी. एकच पान निरनिराळी रूपं घेतं हा विचार त्याच्या मनात तिथे घोळला आणि १७९० मध्ये त्याने वनस्पतींच्या रूपांतरावर पुस्तक काढलं. झाड आज गटेचा ताड म्हणून ओळखतात. बघायचं काय याचं उत्तर म्हणून सांगतोय, तो एकाच झाडाची खालची आणि वरची पानं बघत होता.

कोरांटी

सदाफुली, फरक पडतो तो असा. घरच्या बागेत एका जातीची दहा रोपं असतात, तिथे एका जातीचं एकच असू शकतं. तुम्ही नेलेली फांदी कदाचित त्या वर्षी फुलणारी एकमेव फांदी असते आणि कोणीतरी मुलगी वर्षभर त्या फुलाची वाट बघत असते. ती मुलगी मी होते एकदा. सकाळी गेले तर देठ कापलेला, कापही इतका स्वच्छ की ब्लेड घेऊनच आलेलं कोणीतरी. ते फूल मग पुढच्या वर्षीच बघायला मिळालं.

मागा ना. खरंच मागा. बऱ्याच बागांकडे जास्तीचं बी असतं, एकमेकांना पाठवायची जुनी पद्धतच आहे, दरवर्षी आपल्याकडे कुठलं बी आहे त्याची यादी काढतात आणि दुसऱ्या बागांना पाठवतात, त्यांची आपल्याकडे येते. त्या यादीतलं तुम्हाला मिळेलच असं नाही, पण माळीकाकांना विचारलंत तर छाटणीच्या ढिगाऱ्यातून तुम्हाला हवं ते बहुतेक मिळतं.

सदाफुली

:( सॉरी. पटलं. तीन झाडांबद्दल आता गुन्हेगार वाटतंय.

ठोकळा

तीन आरोपी जामिनावर.

बिनपाण्याचा कॅक्टस

बागेतून पळून गेलेल्या वनस्पतीही आहेत, त्यांना कोणी कापून नेलं नाही. ऑक्सफर्डच्या बागेत, ती १६२१ ची, सिसिलीतल्या ज्वालामुखीवरचं एक पिवळ्या फुलांचं रोप लावलेलं होतं. ते आधी शेजारच्या भिंतींवर गेलं. मग रेल्वे आली, रुळांखालच्या खडीत आणि राखेत त्याला गावाकडच्या लाव्हासारखंच वाटलं असावं, आणि गाड्यांच्या वाऱ्याबरोबर म्हाताऱ्या उडत उडत ते सगळ्या देशभर पसरलं. ऑक्सफर्ड रॅगवर्ट. विनातिकीट.

चिमखडा

मुलांना घेऊन जावं का? माझी सहा आणि नऊ वर्षांची आहेत, झाडं बघायला चल म्हटलं तर सोफ्याखाली लपतात.

सदाफुली

कीटकभक्षी वनस्पती असतील तर डोळे झाकून न्या. फक्त बोट घालू देऊ नका. मी भाचीला नेलं होतं, व्हीनस फ्लायट्रॅपची कुंडी होती, छोटीशीच, चहाच्या बशीएवढी. शाळेची ट्रिप आलेली, चाळीस पोरं रांगेने बोट लावून पुढे चाललेली. आमचा नंबर आला तोपर्यंत सगळे जबडे बंद. भाची म्हणाली मावशी हिचं पोट भरलं का. पोट कसलं भरतंय, एकही किडा नव्हता.

कोरांटी

उपाशीपोटी चाळीस वेळा जेवायला उठवल्यासारखं आहे ते. तिच्या पानाच्या आतल्या बाजूला बारीक केस असतात, एकदा हात लागला तर काही होत नाही, साधारण वीस सेकंदांत दुसऱ्यांदा लागला तरच मिटते. पावसाचा थेंब आणि किडा यातला फरक ती मोजून करते! आणि एक पान आयुष्यात मोजक्याच वेळा मिटू शकतं, मग काळं पडून गळतं. हे मुलांना आधी सांगितलं की बोट घालत नाहीत, उलट दुसऱ्या पोरांना ओरडायला लागतात, अनुभव आहे. घटपर्णी आणि दवबिंदू (याही किडे खाणाऱ्याच) दाखवा, लाजाळू असेल तर तिला हात लावू द्या, ती बिचारी सोसते.

विषारी झाडांचा वाफा असेल तर तोही दाखवा. गुंज, धोतरा, कण्हेर, एरंड. नऊ वर्षांच्या मुलाला "यातली एक बी चावून खाल्ली तर" एवढं म्हटलं की तो पुढचा अर्धा तास तुमचा.

चिमखडा

याला पालकत्व म्हणतात. नोंद घेतली.

मायक्रोस्कोप

कोणी टायटन अरम बघितलंय का फुललेलं? मी एकदा बघितलं, म्हणजे वास घेतला. विद्यापीठाच्या ग्लासहाऊसबाहेर रांग, रात्रीचे साडेदहा, कारण ते संध्याकाळी उघडतं आणि दीड-दोन दिवसांत कोसळतं, त्यामुळे बागेने रात्री दार उघडं ठेवलेलं. आपल्या सुरणाच्याच प्रजातीतलं आहे ते, सुमात्रातलं. जमिनीत कंद, वर्षानुवर्षं नुसतं एकच पान येतं, झाडाएवढं, मग ते मरतं, परत पान, असं सात-आठ वर्षं किंवा जास्त, आणि मग एकदा पानाऐवजी हे. बॉन विद्यापीठाच्या बागेत २००३ मध्ये २.७४ मीटरचं आलं होतं. मी बघितलं ते माझ्यापेक्षा थोडंसंच उंच होतं.

रांगेत पुढे सरकताना आधी वास अजिबात नाही, लोक म्हणायला लागले फसवलं. मग एकदम आला, मेलेल्या उंदराचा, आणि गेला. परत दोन मिनिटांनी आला. मधला दांडा तापतो आणि वास लाटांनी सोडतो म्हणे, म्हणजे म्हणे नाही, तिथल्या मुलाने थर्मल कॅमेरा लावला होता, पडद्यावर दांडा पिवळाधमक दिसत होता आणि बाकीचं झाड निळं. रांगेतल्या माझ्या पुढच्या आजी नाकाला पदर लावून तीन वेळा परत परत रांगेत आल्या.

निवृत्त_नाना

या सगळ्या मोठ्या मोठ्या गोष्टींत एक छोटा मनुष्य सांगतो. टोकियो विद्यापीठाच्या बागेत, कोइशिकावा नाव, मूळ १६८४ ची शोगुनची, म्हणजे तिथल्या लष्करी राज्यकर्त्याची, औषधी बाग, तिथे एक गिंकोचं झाड आहे. १८९६ मध्ये हिरासे नावाच्या गृहस्थांनी त्या झाडाच्या बियांत पोहणारे शुक्राणू बघितले. बी धरणाऱ्या झाडात असं काही असतं हे तोपर्यंत जगात कोणी बघितलेलं नव्हतं, शेवाळ, नेचे यांच्यात असतं, पण एवढ्या मोठ्या झाडात नाही. आणि हे हिरासे प्राध्यापक नव्हते. विद्यापीठात चित्रं काढायला म्हणून ठेवलेले चित्रकार, मग तिथेच सहाय्यक झालेले. झाड रोजचं, समोरचं, काप घेऊन बघता बघता सापडलं. मी हापिसात बसून आमच्या बागेच्या चित्रकाराची बिलं थकवली की मला ही गोष्ट आठवायची आणि मी सही करून टाकायचो.

बिनपाण्याचा कॅक्टस

नाना __/\__

वेळेचं पण लिहा कोणीतरी. माझा सल्ला, जायच्या आधी फोन करा. विद्यापीठाच्या बागा हापिसाच्या वेळेत चालतात, सुट्टीच्या दिवशी आपल्याला वेळ असतो आणि त्यांना कुलूप. मी एकदा तीन तासांचा प्रवास करून कुलूप बघून आलोय, कुलपाचा फोटो आहे. ग्रुप असेल तर विभागाला आधी पत्र लागतं बऱ्याच ठिकाणी. बसायला जागा कमी, पाणी आपलं आपण, वाटा खडीच्या, आईला व्हीलचेअरवर नेलं तेव्हा मुख्य रस्त्यापलीकडे जाता आलं नाही. पण विचारल्यावर माळी कुंड्याच घेऊन आला तिच्यापाशी. एक एक करून सहा कुंड्या. तिला त्यातली दोन नावं अजून पाठ आहेत.

उनाडबोका

अपडेट देतो. सहीसाठी परत जावं लागलं (पहिल्या दिवशी साहेब आलेच नाहीत, ते जाऊ दे). या वेळी मुद्दाम सकाळी गेलो, बॅटरी फुल्ल. वहीत कामाचं स्वरूप या रकान्यात "६३-११८" लिहिलं.

खुर्चीवर आज माणूस होता. त्याने वही बघितली, माझ्याकडे बघितलं, म्हणाला हे काय. मी म्हटलं मोठ्या झाडाचा नंबर. तो उठला, मला न बोलता आतल्या खोलीत घेऊन गेला आणि तिथे एका मॅडमना म्हणाला, मॅडम, यांना नंबर माहितीये. मॅडमनी कपाटातून रजिस्टर काढलं. नाना, तुम्ही म्हणालात तस्संच. निळ्या शाईत, कोपऱ्यात वाळवीने खाल्लेलं, पण ११८ वी ओळ शाबूत. नाव किगेलिया, तेव्हा वेगळी जात लिहिलेली, ती खोडून वर पेन्सिलीने आफ्रिकाना केलेली. पुढे: बी, देवाणघेवाण, १२ नग. शेवटच्या रकान्यात "४ रुजली". आणि त्याच्याखाली वेगळ्या अक्षरात "१ जिवंत".

मॅडमनी विचारलं तुम्ही कुठल्या कॉलेजचे. मी म्हटलं मी सहीसाठी आलोय. मग त्यांनाच हसू आलं. पाटीचं सांगितल्यावर म्हणाल्या माहितीये, नवीन बनवून आलीय, लावायला माणूस मिळत नाही. मी म्हटलं मी लावतो. स्प्रिंग आहे का विचारलं (मायक्रोस्कोप, तुमच्या जिवावर), खुर्चीवाल्या काकांनी कुठल्यातरी जुन्या यंत्रातली काढून दिली. त्यांनी शिडी धरली, मी खिळा ठोकला, जुनी पाटी काढूया म्हटलं तर नको म्हणाले, ओढली तर साल फाटेल, राहू दे आतच.

ठोकत असताना वरून एक फूल माझ्या मानेवर पडलं. शर्टाला वास अजून आहे.

सही मिळाली नाही अजून. आणि कोरांटी ताई, तो रिकामा वाफा, त्यात एक लाल टोक वर आलंय, करंगळीएवढं. पाटी वाचली पण मला नाव टाईप करता येत नाहीये, फोटो चढवतो रात्री.

कोरांटी

आधी पाटीचा ना?

उनाडबोका

आधी पाटीचा.